पाच मैलांच्या परिघातील घर : वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांचे जीवनकार्य

तिरुवनंतपुरम : तंपानूर बसस्थानकातून बाहेर पडले की जवळच विटांची एक गोल, तांबडी इमारत नजरेस पडते. हे इंडियन कॉफी हाऊस. आत नेहमीसारखे मजले नाहीत. तळापासून वर चक्राकार चढत जाणारा एक सलग उतार आहे आणि त्याच्याच कडेने मेजे व बाके मांडलेली आहेत. भिंतीत ओळीने सोडलेल्या झरोक्यांतून वारा आत येतो, उजेडही येतो. ऊन मात्र बाहेरच राहते. भर दुपारी घामाघूम होऊन आलेला प्रवासी येथे कॉफी घेत निवांत बसतो. आपल्याला गारवा का वाटतो, हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही.

तो प्रश्न ज्यांनी आयुष्यभर स्वतःला विचारला, ते लॉरी बेकर या इमारतीचे रचनाकार. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि भारतातच अखेरचा श्वास घेतलेल्या या वास्तुशिल्पीने कमी खर्चाचे, विजेवर फारसे न विसंबणारे आणि उन्हापावसाशी जुळवून घेणारे घर हा आपल्या कामाचा केंद्रबिंदू मानला. भारतातील किफायतशीर घरबांधणीचा विचार आजही त्यांचे नाव टाळून करता येत नाही.

बर्मिंगहॅम ते मुंबई

लॉरेन्स विल्फ्रेड बेकर यांचा जन्म २ मार्च १९१७ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. घरचे वातावरण मेथॉडिस्ट पंथाचे होते; तरुणपणी मात्र ते क्वेकर पंथाकडे ओढले गेले. साधी राहणी, युद्धाला विरोध आणि हाताने केलेल्या श्रमाची प्रतिष्ठा ही या पंथाची शिकवण त्यांनी पुढे कधी सोडली नाही. बर्मिंगहॅमच्या वास्तुकला विद्यालयातून १९३७ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले आणि लवकरच ते ब्रिटिश वास्तुशिल्पींच्या संस्थेचे सदस्य झाले.

व्यवसायात स्थिरावण्यापूर्वीच दुसरे महायुद्ध सुरू झाले. शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्या बेकर यांनी क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात नाव नोंदविले. भूल देण्याचे प्रशिक्षण घेऊन ते चीनमध्ये गेले आणि तेथे युद्धातील जखमींची, त्यानंतर कुष्ठरुग्णांची सेवा करू लागले. इमारतींचे आराखडे काढण्याचे शिक्षण घेतलेला तरुण जखमा धुण्याचे काम करीत होता. त्या काळात त्याने जे दारिद्र्य जवळून पाहिले, त्याचा परिणाम पुढील सर्व कामावर झाला.

प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतण्याचे ठरले आणि त्या प्रवासात बोटीची वाट पाहत त्यांना काही महिने मुंबईत थांबावे लागले. एका क्वेकर मित्रामुळे येथे त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. बेकर यांच्या पायात कापडाच्या तुकड्यांपासून हाताने शिवलेले जोडे होते. गांधीजींचे लक्ष त्या जोड्यांकडे गेले आणि संभाषणाला सुरुवात झाली, अशी आठवण बेकर पुढे सांगत असत. इंग्रजी राजवटीने देश सोडावा. परंतु येथील माणसांत मिसळून काम करू इच्छिणाऱ्या इंग्रजाचे स्वागतच आहे, अशी गांधीजींची भूमिका त्यांना या भेटीत उमगली.

या भेटींतून बेकर यांनी एक विचार कायमचा उचलला. आदर्श खेड्यातील आदर्श घर त्याच्या सभोवतालच्या पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामग्रीतूनच बांधले जावे, असा तो विचार होता. वर्ध्याजवळील सेवाग्रामात गांधीजी स्वतः माती, बांबू आणि कौलांच्या कुटीत राहत होते; त्यामुळे हा केवळ उपदेश नव्हता. तरीही शिकलेल्या वास्तुशिल्पीला तो त्या वेळी फारसा व्यवहार्य वाटला नाही. त्याचे मोल कळायला त्यांना हिमालयात जावे लागले.

पर्वतावरील शाळा

१९४५ मध्ये बेकर भारतात परतले ते कुष्ठरोग निवारणाचे कार्य करणाऱ्या मिशनचे वास्तुशिल्पी म्हणून. कुष्ठरोगावर गुणकारी औषधे नुकतीच उपलब्ध होऊ लागली होती. रुग्णांना समाजापासून दूर कोंडून ठेवणाऱ्या जुन्या आश्रयस्थानांचे रूपांतर खऱ्याखुऱ्या रुग्णालयांत करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. या कामासाठी त्यांनी देशाचा मोठा भाग पालथा घातला.

उत्तर प्रदेशातील फैजाबाद येथे ते डॉ. पी. जे. चंडी यांच्या घरी राहत असत. चंडी यांच्या आजारपणात रुग्णालयाची जबाबदारी सांभाळण्यासाठी त्यांची बहीण डॉ. एलिझाबेथ जेकब तेथे आली. केरळची ही डॉक्टर आणि इंग्रज वास्तुशिल्पी यांच्या विवाहाला दोन्ही घरांतून सहज संमती मिळाली नाही. अखेर १९४८ मध्ये ते विवाहबद्ध झाले.

विवाहानंतर दोघे हिमालयात पिठोरागढला गेले. ते गेले होते सहलीला. पण डॉक्टर आल्याचे कळताच परिसरातील आजारी माणसे दाराशी येऊ लागली आणि दाम्पत्याने तेथेच राहण्याचा निर्णय घेतला. पुढील सुमारे १५ वर्षे एलिझाबेथ यांनी तेथे रुग्णालय चालविले. बेकर बांधकाम पाहत आणि गरज पडेल तेव्हा रुग्णांना भूलही देत.

येथेच त्यांचे दुसरे शिक्षण सुरू झाले. बर्मिंगहॅममध्ये शिकलेली पोलादाची व काँक्रीटची विद्या या डोंगरात निरुपयोगी होती. सिमेंट आणायचे तर ते पाठीवर वाहून आणावे लागे. उलट गावकऱ्यांची घरे दगड, चिखल आणि लाकूड यांतून उभी होती. डोंगराचा उतार, थंडीची दिशा, पावसाचा मारा आणि भूकंपाचे धक्के या सर्वांचा विचार त्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आला होता. ज्याला आपण मागासलेले म्हणतो, ते शेकडो वर्षांच्या प्रयोगांचे सार आहे, ही जाणीव बेकर यांना झाली. मुंबईत ऐकलेल्या पाच मैलांच्या विचाराचा अर्थ येथे त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता.

याच काळात वेल्थी फिशर यांनी लखनौ येथे स्थापन केलेल्या साक्षरता निकेतनाच्या इमारतीही त्यांनी उभारल्या. १९६३ मध्ये या दाम्पत्याने पिठोरागढ सोडले आणि केरळमधील वागमण या डोंगराळ भागात पुन्हा तेच वैद्यकीय कार्य आरंभिले. साठीच्या दशकाच्या अखेरीस ते तिरुवनंतपुरमला स्थायिक झाले. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या बेकर यांचे सर्वांत महत्त्वाचे काम यानंतर सुरू झाले.

उन्हाचे आणि वाऱ्याचे गणित

तिरुवनंतपुरम विषुववृत्तापासून केवळ साडेआठ अंशांवर आहे. वर्षातून दोनदा सूर्य येथे थेट माथ्यावर येतो. त्यामुळे घराच्या भिंतींपेक्षा छतच अधिक तापते. समुद्र जवळ असल्याने हवा दमट असते आणि दिवस व रात्र यांच्या तापमानात फारसा फरक पडत नाही. राजस्थानसारख्या कोरड्या प्रदेशात जाड भिंती दिवसाची उष्णता अडवून रात्री ती बाहेर टाकतात. येथे तो उपाय अपुरा पडतो. दमट हवेत घाम वाळत नाही. तो वाळण्यासाठी अंगावरून वारा वाहावा लागतो. म्हणून सावली आणि खेळती हवा, या दोन गोष्टी येथील घराला सर्वप्रथम लागतात.

केरळची जुनी घरे हेच करीत होती. उतरती कौलारू छपरे, भिंतीच्या बरीच पुढे आलेली वळचण, मधला चौक, लाकडी जाळ्या ही सारी सावलीची आणि वाऱ्याची व्यवस्था होती. मात्र सत्तरीच्या दशकात आखाती देशांतून पैसा येऊ लागला आणि सपाट काँक्रीटच्या छतांची, मोठ्या काचांची घरे प्रतिष्ठेची खूण बनली. ती तापत, गळत आणि पंख्यांवाचून राहण्याजोगी नसत. बेकर यांनी जुन्या घरांची नक्कल केली नाही. त्यांमागील कारणे त्यांनी उचलली आणि स्वस्त विटेत उतरविली.

पहिला बदल भिंतीत झाला. नेहमीच्या भिंतीत विटा आडव्या टाकतात. बेकर यांनी त्या कडेवर उभ्या ठेवण्याची रॅट-ट्रॅप बाँड नावाची पद्धत वापरली. उंदराच्या सापळ्यासारखी दिसणारी ही रचना नऊ इंची भिंतीच्या पोटात हवेची पोकळी ठेवते. विटा सुमारे एक चतुर्थांश कमी लागतात, मालही वाचतो आणि मधली हवा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. एकाच युक्तीने खर्च आणि उकाडा असे दोन्ही कमी होतात.

दुसरा बदल छतात झाला. काँक्रीटच्या स्लॅबवर भार पडला की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. दाब काँक्रीट पेलते आणि ताण लोखंडी सळई. सळयांमधल्या खालच्या भागातील बरेचसे काँक्रीट प्रत्यक्षात भार उचलत नाही. ते उगाच वजन वाढविते. बेकर यांनी त्या जागी टाकाऊ मंगलोरी कौले बसविली. दोन कौले एकमेकांवर ठेवली की मध्ये हवा अडकते आणि तापलेल्या छताची झळ खोलीपर्यंत पोहोचत नाही. फिलर स्लॅब या नावाने ही पद्धत पुढे देशभर परिचित झाली. तीत सिमेंट व लोखंड कमी लागते आणि छतही हलके होते.

तिसरा बदल खिडकीत झाला. विटांच्या भिंतीच्या तुलनेत लाकडी चौकट, काच, गज आणि बिजागऱ्या यांची खिडकी कितीतरी महाग पडते. तिचे काम तर उजेड, वारा आणि सुरक्षितता एवढेच. बेकर यांनी विटा रचतानाच मध्ये भोके सोडून जाळी तयार केली. तीतून वारा अखंड वाहतो, उन्हाची तिरीप मोडून मंद उजेड आत पसरतो आणि चोरालाही शिरता येत नाही. दारांना अनेकदा त्यांनी चौकटीच दिल्या नाहीत. दारावरील काँक्रीटच्या तुळईऐवजी विटांची कमान बांधली. भिंतींना गिलावा केला नाही; चांगल्या विटेला तो झाकण्याची गरज नाही आणि त्यामुळे रंगरंगोटीचा दरवर्षीचा खर्चही वाचतो, असे त्यांचे मत होते.

या सर्वांमागे ऊर्जेचा एक व्यापक हिशेब होता. घरात किती वीज जळते एवढेच पाहून ते थांबत नसत. घर उभे करताना किती इंधन जळाले, हेही ते मोजत. सिमेंट, पोलाद आणि काच यांच्या निर्मितीला प्रचंड उष्णता लागते. त्यामुळे जेथे चुना चालतो तेथे सिमेंट नको, जेथे दगड मिळतो तेथे काँक्रीटचा पाया नको, हा त्यांचा नेम होता. वीट भाजायलाही सरपण जळते, हे मान्य करून उतारवयात त्यांनी मातीच्या बांधकामाचा पुरस्कार अधिक जोमाने केला. आणखी एक लाभ त्यांना महत्त्वाचा वाटे. अशा घरावरील खर्चाचा मोठा वाटा कारखान्याकडे न जाता गवंडी, सुतार आणि मजूर यांच्या हाती पडत असे.

उल्लूरची टेकडी

या विचारांची मोठी परीक्षा १९७१ च्या सुमारास झाली. अर्थतज्ज्ञ प्रा. के. एन. राज यांच्या पुढाकाराने तिरुवनंतपुरममध्ये सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही संस्था स्थापन होत होती. तिच्या उल्लूर येथील परिसराचे काम बेकर यांच्याकडे आले. लहान घरांसाठी ठीक असलेल्या या पद्धती मोठ्या संस्थेला पेलतील का, अशी शंका सरकारी अभियंत्यांच्या मनात होती. तत्कालीन मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन या प्रयोगाच्या पाठीशी उभे राहिले.

टेकडीचा चढउतार सपाट न करता, झाडे न तोडता इमारती त्यांच्या आधाराने वळणे घेत गेल्या. मध्यभागी ग्रंथालयाचा उंच मनोरा उभा राहिला. विटांच्या जाळीची एक उंच भिंत तळ्याशेजारी बांधण्यात आली, जेणेकरून हवेच्या दाबातील फरकामुळे गार वारा इमारतीत ओढला जाईल. पुढे संगणक केंद्र बांधताना दुहेरी भिंतीची योजना झाली. बाहेरचे जाळीदार कवच ऊन अडविते आणि आतील भिंत यंत्रांना लागणारे तापमान राखते. हा परिसर आज वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी तीर्थस्थानासारखा झाला आहे.

पूंतुरा येथील कोळीवाड्याचे काम आकाराने लहान होते. पण आशयाने तितकेच मोठे. मच्छीमारांसाठी बांधलेली ही घरे त्यांनी सैन्याच्या रांगांसारखी उभी केली नाहीत. प्रत्येक घर थोडे मागेपुढे सरकविले, जेणेकरून समुद्रावरचा वारा कोणाच्याही दारात अडणार नाही आणि घरांमधल्या मोकळ्या जागेत जाळी वाळविता येतील. योजना सरकारी असली, तरी त्यातील माणूस एक आकडा असू नये, यासाठी त्यांचा आग्रह असे.

बेकर यांचे मोठे कार्यालय नव्हते. हाती येईल त्या कागदावर, कित्येकदा जुन्या पाकिटांच्या मागील बाजूस ते आराखडे काढत. सकाळीच कामावर पोहोचत आणि गवंड्यांच्या शेजारी उभे राहून विटेची ओळ दुरुस्त करून घेत. घर बांधून मागणाऱ्या कुटुंबाला ते अनेक प्रश्न विचारीत. घरात कोण कोण आहे, सकाळी स्वयंपाक कोण करते, आजी कोठे झोपते, मुले कोठे अभ्यास करतात. मोठ्या दिवाणखान्याची मागणी आली, की ती गरज आहे की हौस, याची चौकशी ते हसतहसत करीत. नालंचिरा येथील खडकाळ उतारावर त्यांनी बांधलेले स्वतःचे घर, द हॅम्लेट, हे एका खोपटापासून वर्षानुवर्षे वाढत गेले. पाडलेल्या जुन्या वाड्यांतील कोरीव लाकूड, बाटल्यांच्या काचा, फुटकी भांडी यांना तेथे जागा मिळाली.

यशाची दुसरी बाजू

बेकर यांचा नावलौकिक वाढला. तथापि त्यांच्या कामातील एक विसंगती शेवटपर्यंत सुटली नाही. त्यांच्या घरांवर सर्वप्रथम भाळले ते प्राध्यापक, लेखक, अधिकारी. ज्यांच्यासाठी ती घरे मुळात योजिली होती, त्या गरीब कुटुंबांपैकी अनेकांना गिलाव्याविना उघडी वीट म्हणजे अपुऱ्या पैशांची जाहिरात वाटे. शेजाऱ्याच्या रंगविलेल्या काँक्रीटच्या घरापुढे आपले घर उणे दिसू नये, ही त्यांची इच्छा अस्वाभाविक नव्हती. ज्यांना आयुष्यभर कमी मिळाले, त्यांनाच काटकसरीचा उपदेश का, असा प्रश्न टीकाकारांनीही उपस्थित केला.

अडचणी तांत्रिकही होत्या. या पद्धतींना कसबी गवंडी लागतात. वीट निकृष्ट असेल किंवा दरजा नीट भरल्या नसतील, तर केरळच्या दोन पावसाळ्यांत उघड्या भिंतीवर शेवाळ चढते. देखरेख करणारा बेकर प्रत्येक घराला मिळणे शक्य नव्हते.

या आक्षेपांना त्यांनी दोन मार्गांनी उत्तर दिले. पहिला मार्ग असा, की कमी खर्चाची पद्धत केवळ गरिबांसाठी नसून सर्वांसाठी असली पाहिजे. श्रीमंताने ती स्वीकारली तरच तिच्यावरील कमीपणाचा शिक्का पुसला जाईल. दुसरा मार्ग ज्ञान वाटण्याचा होता. आपल्या युक्त्या त्यांनी कधी गुपित ठेवल्या नाहीत. स्वतः काढलेल्या गमतीदार रेखाचित्रांसह त्यांनी लहान पुस्तिका लिहिल्या. बांधकामाचा खर्च कसा कमी करावा, मातीचे घर कसे बांधावे, हे त्यांत सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत सांगितले आहे. १९८५ मध्ये अच्युत मेनन, के. एन. राज आणि टी. आर. चंद्रदत्त यांच्यासह त्यांनी त्रिशूर येथे कॉस्टफोर्ड ही संस्था उभारली. तिच्यामार्फत तरुण अभियंते व गवंड्यांची एक पिढी तयार झाली. त्याच दशकात कोल्लम येथे सुरू झालेल्या निर्मिती केंद्राच्या चळवळीनेही हीच तंत्रे उचलली आणि हुडकोच्या साहाय्याने तशी केंद्रे देशाच्या अन्य भागांत सुरू झाली.

१९८९ मध्ये त्यांना भारतीय नागरिकत्व मिळाले. पुढच्याच वर्षी भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १ एप्रिल २००७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले.

आजचा संदर्भ

बेकर गेले त्यानंतर देशातील शहरे अधिक उंच आणि अधिक काचेची झाली. उन्हाळे कडक होत आहेत, वातानुकूलन यंत्रांची संख्या वाढते आहे आणि उन्हाळ्यातील विजेची मागणी पुरविताना वीज कंपन्यांची दमछाक होते. खोलीतील उष्णता बाहेर फेकणारे यंत्र रस्ता अधिक तापविते आणि ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याच्या घरात तो ताप शिरतो. पत्र्याच्या छपराखाली राहणाऱ्या कुटुंबाला या शर्यतीत जागाच नाही.

बेकर यांची प्रत्येक युक्ती प्रत्येक प्रदेशात चालेल असे नाही. दमट कोकणपट्टीला जे मानवेल, ते विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याला मानवणार नाही; हिमालयात जे उपयोगी, ते किनाऱ्यावर नाही. हे सर्वांत आधी सांगणारे बेकरच होते. त्यांनी मागे ठेवला तो ठरावीक नमुना नव्हे, तर प्रश्न विचारण्याची एक रीत. येथे ऊन कोठून येते, वारा कोणत्या दिशेने वाहतो, जवळपास कोणती सामग्री मिळते, येथील गवंड्याला काय येते आणि या घरात राहणाऱ्या माणसाला खरोखर काय हवे आहे? घर बांधण्यापूर्वी हे पाच प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. तंपानूरच्या त्या तांबड्या इमारतीत कॉफी पिणाऱ्या प्रवाशाला मिळणारा गारवा हे त्याच प्रश्नांचे उत्तर आहे.